हा तुकडा कोणाचा?

डार्टमूर, इंग्लंड
शुक्रवार, ९ जून १८१५, सकाळ

प्रिय टॅबिथा,

तुझ्या आईबाबांना माझा नमस्कार सांग. मी जिवंत आहे, दोन्ही पाय शाबूत आहेत आणि हिवाळ्यातला खोकला गेला आहे. तिकडे सगळे बरे असाल असं धरून चालतो. विचारून उत्तर यायला चार महिने लागतात, आणि तेवढा धीर माझ्यात कधीच नव्हता हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

हे पत्र तुझ्या हातात कोणी दिलं ते तू पाहिलंच आहेस. मला इथे बसून ते सगळं दिसतंय. तुझ्या आईने हातातलं पीठ न पुसता त्याचा चेहरा धरला असेल. तुझे बाबा खुर्चीतून उठले असतील आणि उठल्यावर काय करायचं ते न सुचून परत बसले असतील. हे पत्र तोवर टेबलावर पडलं असेल. पडू दे. त्याच्याबद्दल पुढे लिहितो. जरा हात चालू दे.

इथे जूनमध्येही धुकं आहे. माळावरून येतं, भिंतीवर चढतं आणि आत उतरतं, पहारेकऱ्यांना न विचारता. सात दगडी इमारती, भोवती दोन भिंती, आणि आत आम्ही हजारो कैदी. सरकारने दिलेलं पिवळं जाकीट मला दोन वर्षांत आखूड झालंय. इतकं वाईट अन्न खाऊन मी वाढलो कसा, देव जाणे. माणसं हाडांची जहाजं कोरतात, डोलकाठ्या-शिडांसकट, आणि बाजाराच्या दिवशी फाटकापाशी येणाऱ्या शेतकरणींना विकतात. मी खलाश्यांना अक्षरं आणि आकडेमोड शिकवत असे. आता नाही शिकवत.

आजकाल मी एकटाच जेवतो. बरं पडतं. इतक्या गर्दीत माणसाला जरा शांतता मिळते.

लेव्ही नोयस पुन्हा तुमच्याकडे यायला लागला का? त्याच्या बापाचा दोरखंडाचा कारखाना बंदर उघडल्यावर पुन्हा जोरात चालला असेल. नको, सांगू नकोस.

इंग्रजांशी आमची अमेरिकेची लढाई संपली. तहावर सह्या झाल्याचं आम्हाला नाताळानंतर लगेच कळलं. आम्ही छपरावर झेंडा चढवला, आमचा तो मोठा फलकही लावला, 'मुक्त व्यापार आणि नाविकांचे हक्क' असा. गाणी म्हटली. उद्या घरी, असं सगळ्यांना वाटलं. आज जून उजाडला तरी अर्धी माणसं इथेच आहेत, कारण जहाजं कोणी पाठवायची यावर दोन सरकारांची घासाघीस चालली होती. एप्रिलमध्ये त्या रखडण्यातूनच पहारेकऱ्यांनी आमच्यावर गोळीबार केला. त्याबद्दल तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल, मी लिहीत नाही. मी मागच्या बाजूला होतो, एवढंच.

तहाचा मजकूर छापून आला तेव्हा तो सगळ्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजात अर्धं शिकल्याचा तेवढाच उपयोग. मी बाकावर उभा राहून वाचलं. सरहद्द जिथे होती तिथे. घेतलेले किल्ले ज्याचे त्याला परत. बेटांचं नंतर बघू. वाचून झालं तसा आमचा बार्टलेट म्हणाला (हा आमच्या पंगतीतला म्हातारा तोफवाला, सेलमचा), "बरं. आता आमचं वाच."

"तुमचं कुठलं?"

"खलाशी पळवायचं रे. ज्याच्यापायी लढलो ते."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नव्हतं. एक अक्षर नव्हतं.

"पान राहिलं असेल एखादं," बार्टलेट म्हणाला. "नीट बघ, कॉलेजवाल्या." मी पान उलटून दाखवलं. मागे साबणाची जाहिरात होती.

त्या दिवशी मी वर्तमानपत्र फाडलं, भिंतीवर मूठ आपटली, बोटं सोलली. तू म्हणशील, नवीन काय? पण नंतर बसून विचार केला (मी, आणि विचार!), आणि मला तुझे बाबा आठवले. लढाई सुरू झाली तेव्हा ते म्हणायचे, पश्चिमेकडच्या जमिनीच्या लोभ्यांना कॅनडा गिळायचा आहे आणि निमित्त मात्र आमच्या खलाश्यांचं. भोगणार आम्ही, बंदर ओस पडणार आमचं. मी भर जेवणात त्यांच्याशी भांडलो होतो, खुर्ची पाडून बाहेर गेलो होतो. त्यांना सांग, त्यांचं अर्धं बरोबर होतं. पण अर्धंच. कारण खलाशी खरोखर नेले जात होते. इंग्रजांची फ्रान्सशी वीस वर्षं लढाई, शेकडो जहाजं आणि त्यावर माणसं पुरेनात. मग वाटेत आमचं जहाज अडवायचं, सगळ्यांना रांगेत उभं करायचं, एखाद्याकडे बोट दाखवून म्हणायचं, हा इंग्रज आहे, पळून आलाय. झालं. त्यावर आपल्याकडे उपाय एकच, जकात कचेरीतला दाखला. अमुक माणूस अमेरिकेत जन्मला, उंची इतकी, केसांचा रंग असा, अमुक जागी व्रण. खलाशी तो पत्र्याच्या डबीत घालून दोरीने गळ्यात बांधतात. जेवताना काढत नाहीत, झोपताना काढत नाहीत.

तुमच्या घरातला माणूसच नेला होता. आणि त्याचा दाखला त्या दिवशी त्याच्या गळ्यात नव्हता.

आता लिहायला हवं.

मी कॉलेज का सोडलं ते तुला वाटतं तसं नाही. मास्तर उद्धट बोलले, मी व्याकरणाचं पुस्तक खिडकीतून फेकलं, हे खरं. पण त्याच सकाळी तुझं पत्र आलं होतं, की लेव्हीने तुला घसरगाडीतून नदीपर्यंत नेलं आणि फार मजा आली. मी चाळीस मैल बर्फातून चालत आलो. घरी माझ्या वडिलांनी दार उघडलं नाही, आणि तुझ्या भावाने, एनॉकने, मला आपल्या जहाजावर घेतलं. कप्तानाला म्हणाला, "याला काही येत नाही, पण हा ओरडतो छान. धुक्यात भोंग्याचं काम करेल."

परतीच्या वाटेवर, लिस्बनहून मीठ भरून निघाल्यावर, एनॉकला माझी वही सापडली. तुझ्यावर केलेल्या कविता होत्या. त्याने पिंपावर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवल्या, एका हाताने छाती धरून, बायकी आवाज काढून. माणसं लोळून हसली. मी धावून गेलो, तर त्याने मला एका हाताने लांब धरलं आणि म्हणाला, "टॅबीला पोरगा नको रे, नवरा हवा. कॉलेज टिकवता आलं नाही तुला. ती काय टिकणार?"

दुसऱ्या सकाळी तो अंग धूत होता. तेवढ्यापुरती त्याने डबी काढून खुंटीला लावली होती. मी ती उचलली आणि माझ्या शर्टाच्या आत घातली. दिवसभर शोधू दे, घामाघूम होऊ दे, संध्याकाळी त्याच्या पानात टाकीन, असा माझा बेत होता. पोरगाच होतो मी. त्याने बरोबर ओळखलं होतं.

संध्याकाळ झालीच नाही. दुपारी इंग्रजांचं लढाऊ जहाज आडवं आलं.

लेफ्टनंट माझ्याच वयाचा होता, गालावर पुरळ. आम्ही रांगेत. "कोणी जागचं हलायचं नाही." एनॉकने गळ्याशी हात नेला.

"दाखला?"

"सकाळी होता."

"सगळ्यांचाच सकाळी असतो."

"न्यूबरीपोर्टचा आहे मी. यांना विचारा." कप्तानाने सांगितलं, सगळ्यांनी सांगितलं, मीही सांगितलं. लेफ्टनंट म्हणाला, "तुम्ही आपल्या माणसाला आपलाच म्हणणार. याचा चेहरा ब्रिस्टलचा आहे. टॉमस लेन म्हणून एकजण आमच्याकडून पळालाय. काय रे लेन, ओळखलं की नाही?"

मग माझी पाळी आली. मी माझी डबी बाहेर काढून दाखवली. आणि ती दाखवताना, टॅबिथा, दुसरी दोरी मी कॉलरखाली बोटाने दाबून धरली होती.

चार वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तो राग होता. राग नव्हता. ज्याच्याकडे दोन दाखले सापडतात त्याचा एकही खरा धरत नाहीत, हे मला माहीत होतं. मला भीती वाटली. दहा शब्द पुरले असते. मी बोललो नाही.

होडी दूर जाताना तो ओरडून म्हणाला, "टॅबीला सांग, दोरी कुजली होती! नवी लावणार होतो!"

त्याने दोष दोरीला दिला. मी घरी येऊन तुला तेच सांगितलं. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. मी म्हणालो, मी याचा सूड घेईन, आणि तू माझा हात धरलास. त्याआधी कधी धरला नव्हतास. लेव्हीचं येणं तूच थांबवलंस. लढाई लागल्यावर मी खासगी लढाऊ जहाजावर नाव घातलं, तेव्हा तू तुझी निळी फीत माझ्या बाहीला बांधलीस आणि म्हणालीस, मी थांबेन. सगळा गाव मला शूर म्हणत होता. सहा महिन्यांत आम्ही पकडले गेलो. ती डबी तेव्हाही माझ्या जाकिटाच्या अस्तरात शिवलेली होती. समुद्रात टाकायला तीनदा काढली होती. टाकवली नाही.

तुझं ते थांबणं मी चोरून मिळवलं आहे. हे वाक्य लिहायला मला सकाळ लागली.

आता त्याच्याबद्दल. मागच्या ऑक्टोबरात नवे कैदी आले. फाटकातून एक पांढऱ्या केसांचा माणूस आला, वाकून चालणारा. मी बाजूला झालो, म्हातारा आहे म्हणून. त्याने माझी कॉलर धरली. "कॉलेजवाल्या! टॅबी कशी आहे?"

सत्तावीस वर्षांचा आहे तो. लढाई सुरू झाल्यावर त्याने इंग्रज कप्तानाला सांगितलं, मी माझ्या माणसांवर तोफ डागणार नाही, मला कैदी करा. त्याला फटके मारले. बरा झाल्यावर तो पुन्हा तेच म्हणाला. असं किती वेळा, ते तो सांगत नाही. तुझी आई त्याची पाठ बघेल तेव्हा तिला मोजू देऊ नकोस. शेवटी त्यांनी कंटाळून त्याला इथे पाठवलं.

त्याने मला आपल्या पंगतीत घेतलं. इथे सहा जणांची एक पंगत असते, सहा जणांत जेवणाची एक बादली. वाटणीवरून डोकी फुटू नयेत म्हणून खलाश्यांची एक जुनी रीत आहे. एकजण पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका तुकड्यावर सुरी ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठ केलेला न बघता नाव घेतो, ज्याचं नाव त्याचा तुकडा. लहान असो, मोठा असो, मग कोणी बोलायचं नाही. आमच्यात पाठ एनॉक करायचा, सुरी बार्टलेटची. सात महिने त्याने रोज माझं नाव घेतलं. सात महिने मी रोज ठरवलं, आज सांगतो.

मे महिन्यात जहाजं यायला लागली, नावं पुकारायला लागले. एनॉकचं नाव येईना. तो कचेरीत गेला, मी बरोबर होतो. आपल्याच सरकारच्या इथल्या प्रतिनिधीचा कारकून तिथे बसतो. त्याने वही उघडली. "तुरुंगाच्या वहीत तुझं नाव टॉमस लेन आहे. ब्रिस्टल."

"ते त्यांनी ठेवलेलं."

"ब्रिस्टलचा माणूस बॉस्टनच्या जहाजावर कसा चढवू मी? तुझ्यासारखे रोज दहा येतात. पुरावा आण. घरून मागव."

घरून म्हणजे चार महिने. आणि तुरुंग रिकामा झाल्यावर ब्रिस्टलच्या पळपुट्या टॉमस लेनचं इंग्रज काय करतील, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. बाहेर आल्यावर एनॉक हसला. म्हणाला, "त्या सडक्या दोरीने जन्माचं धरून ठेवलंय बघ मला."

मी दोन दिवस थांबलो. तेही लिहितो. दोन पूर्ण दिवस.

तिसऱ्या दिवशी जुन्या जाकिटाचं अस्तर उसवलं आणि कचेरीत, रांगेतल्या सगळ्यांसमोर, डबी टेबलावर ठेवली. तिच्या झाकणावर एनॉकने चाकूने कोरलेला मासा आहे, तुला आठवत असेल. एनॉकने तो मासा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा मासा.

कारकुनाने दाखला वाचला. "केस काळे." मान वर केली. "हे काळे?"

"तीन वर्षं त्यांच्या जहाजावर राहून या," एनॉक म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

डाव्या भुवईवरचा व्रण जुळला. करंगळीचं तुटलेलं पेर जुळलं. दंडावरचा नांगर जुळला.

"मग इतके दिवस कुठे होता हा कागद?"

"माझ्याकडे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मी सांगितलं. सगळं, कॉलरखालच्या बोटासकट. त्या दिवशी दहा शब्द पुरले असते. आता किती लागले कोणास ठाऊक. कारकून ऐकत राहिला, मग वहीत खरं नाव लिहिलं, ओल्या शाईवर सुकायला वाळू टाकली, फुंकली आणि म्हणाला, "पुढचा."

एनॉकने टेबलावरची डबी उचलली. त्याने मला मारलं असतं तर मी उपकार मानले असते. डबी पुसून खिशात घातली आणि निघून गेला.

त्या दुपारी बार्टलेटने सुरी ठेवून विचारलं, "हा कोणाचा?" एनॉकने पाठ करून पाच नावं घेतली. सहाव्याला बार्टलेटने पुन्हा विचारलं, "आणि हा?" एनॉक गप्प. तुकडा तिथेच राहिला. तो माझाच आहे हे सगळ्यांना माहीत होतं, कोणी हात लावला नाही. शेवटी मी तो उचलला आणि भिंतीपाशी जाऊन खाल्ला.

आज अकरा दिवस झाले. बातमी सगळीकडे पोचली आहे. शिकायला येणारे यायचे बंद झाले. इथे असा एकही माणूस नाही ज्याचा भाऊ किंवा मित्र असा नेला गेला नाही, त्यामुळे मी त्यांची बाजू समजू शकतो. रांगेत माझ्यापुढे आणि मागे एक हात जागा मोकळी असते. हजारो माणसांत इतकी मोकळी जागा कोणाला मिळत नाही. वर मी लिहिलं की एकट्याने जेवणं बरं पडतं. ते खोटं आहे, पण खोडत नाही. मी कसा लिहितो ते तुला दिसू दे.

*

जेवणं झाली. आज शुक्रवार, कॉड आणि बटाटे. उद्या पहाटे एनॉकची तुकडी प्लिमथ बंदरापर्यंत चालत जाणार, म्हणून ही त्याची इथली शेवटची वाटणी. मी भिंतीपाशीच उभा होतो, सहावा तुकडा उरेल तेव्हा उचलायला.

"हा कोणाचा?" बार्टलेटने सुरी ठेवली.

एनॉक पाठ करून उभा होता. "कॉलेजवाल्याचा."

पहिलंच नाव. बार्टलेटने सुरी तशीच धरली, त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कोणाचा?"

"बहिरा झालास का तोफांनी? ॲमॉसचा."

मी गेलो. तुकडा घेतला. शेपटीकडचा होता, सगळ्यांत लहान. मी इतका सुखी कधी झालो नव्हतो, आणि माझा चेहरा बघून तो लगेच म्हणाला, "खूश होऊ नकोस. वाटा तुझा आहे म्हणून तुझा म्हटला. माफ केलं म्हणून नाही."

"ठीक आहे," मी म्हणालो.

"टॅबीला मी काही सांगणार नाही. माझी गोष्ट मी सांगीन, पाठीची, जहाजाची. तुझी तू सांग. लिही, मी नेतो."

"वाचून बघणार आहेस?"

"मला काय करायचंय वाचून? ती वाचताना मी समोर बसेन. तिच्या तोंडाकडे बघून मला कळेल, लिहिलंस की नाही."

म्हणजे तो आत्ता तुझ्यासमोर बसला आहे. मान वर करू नकोस, त्याला बघू दे. आणि रडणार असलीस तर त्याच्यासाठी रड, तो चार वर्षांनी आला आहे.

लढाई कशासाठी झाली आणि तिच्यातून काय मिळालं, हे मला विचारशील तर मी सांगू शकत नाही. सरहद्द होती तिथे आहे. कागदावर खलाश्यांचं नाव नाही. इंग्रजांनी त्याला नेलं हे खरं, आणि त्याबद्दल माझं रक्त अजून उकळतं. पण त्यांच्या हातात त्याला मी दिला.

माझं नाव बहुधा पुढच्या जहाजाला येईल. ऑगस्टच्या आत न्यूबरीपोर्टला पोचेन. तुझं वचन मी परत करतो आहे. ते मला मिळालं तेव्हा तुला अर्धीच गोष्ट माहीत होती. निळी फीत एनॉकजवळ दिली आहे. ती देताना मी तिला कितीदा हुंगलं ते त्याने पाहिलं आणि काही बोलला नाही, कविता असत्या तर बोलला असता.

तरीही एक मागतो, कारण मी अजून तोच आहे, मागितल्याशिवाय राहवत नाही. उतरलो की मी धक्क्यावर थांबेन, गावाकडे पाठ करून. फार वेळ नाही, माणसं पेट्या उतरवून घरी जाईपर्यंत. तू आली नाहीस तर मी समजेन आणि तिथूनच दुसऱ्या जहाजावर जाईन. लेव्ही आला तर त्याला परत पाठव, त्याला मी नक्की मारीन.

पण तू आलीस, तर मागून फक्त नाव घे. मी वळेन.

पत्राच्या शेवटी तुझ्यासाठी मी नेहमी जो शब्द लिहीत असे, तो आज गाळतो. तो ठरवणं माझ्या हातात राहिलेलं नाही. म्हणून, कोणाचा ते न लिहिता,

ॲमॉस टिटकम